दोरी कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात आपाचा फोन आला. माझी थोरली बहीण फोनवर आधी सगळ्या घराची खुशाली विचारते, मग मुद्द्यावर येते. या वेळी तसं झालं नाही. "तुझ्या भाच्याला समजाव. समुद्रातल्या कुठल्याशा विहिरीत उतरायचं म्हणतोय. तिथं माणसं मेलीत म्हणे," असं एका दमात बोलून ती गप्प झाली.

भाचा दुबईत नोकरीला आहे. दोन-तीन वर्षांपासून त्याला स्कुबा डायव्हिंगचा नाद लागलाय. तीस मीटरपर्यंत जाण्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. त्याला इजिप्तमधल्या दहाब गावाजवळच्या 'ब्लू होल'मध्ये उतरायचं होतं आणि जमलं तर पंचावन्न मीटरवरच्या कमानीतून पलीकडच्या समुद्रात निघायचं होतं. मी फोन केला, तर म्हणाला, "मामू, तुम्हीपण चला. तुम्हाला इतिहास आवडतो, मला समुद्र. दोघांचं काम होईल."

मी हो म्हणालो, पण एका अटीवर. तिकीट काढण्याआधी त्या जागेचा आणि या धंद्याचा इतिहास मी वाचणार, आणि सफरीचा आराखडा दोघांनी मिळून करायचा. तो हसला. त्याच्या मते इतिहास म्हणजे तिथं पोचल्यावर ऐकायच्या गोष्टी. आराखडा म्हणजे विमान, हॉटेल आणि सिलिंडर. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं यावरच बोलत होतो. त्यातून जे हाती लागलं, ते इथं लिहितोय.

आधी जागा समजून घेऊ. सिनाई द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, अकाबाच्या आखाताला लागून दहाब आहे. अरबीत 'ज़हब' म्हणजे सोनं, त्यावरून हे नाव. गावापासून उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर डोंगर थेट पाण्याला भिडतो. तिथं किनाऱ्यापासून काही पावलांवर प्रवाळाच्या उथळ पट्ट्यात एक गोल, गडद निळा डोह दिसतो. त्याची खोली सुमारे शंभर मीटर. समुद्राच्या बाजूला सहा-सात मीटर खोलीवर एक उंबरठा आहे, त्याला डायव्हर 'सॅडल' म्हणतात. त्याच्यावरून पोहत सहज बाहेर पडता येतं. दुसरी वाट मात्र खूप खाली आहे. पंचावन्न मीटरच्या आसपास प्रवाळाच्या भिंतीत एक कमान आहे आणि तिच्यातून सुमारे सव्वीस मीटर लांबीचा बोगदा खुल्या समुद्रात निघतो. हीच ती 'आर्च'.

अशा विवरांना इंग्रजीत सिंकहोल म्हणतात. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाजवळचं 'ग्रेट ब्लू होल' सगळ्यांत प्रसिद्ध. तीनशे मीटर रुंद आणि सव्वाशे मीटरच्या आसपास खोल. १९७१मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कुस्तो तिथं जहाज घेऊन गेले आणि ते जगाला माहीत झालं. त्याच्या आत चुनखडीचे लोंबते खांब आहेत. असे खांब पाण्यात तयार होत नाहीत, हवेतच थेंबाथेंबानं वाढतात. म्हणजे हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून खाली होती तेव्हा ती कोरडी गुहा होती. पुढं छत कोसळलं आणि समुद्र चढत आला.

दहाबचा डोह बेलीझपेक्षा लहान आहे, पण बदनाम जास्त. तिथं किती डायव्हर मेले याचा पक्का हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण आकडा शंभराच्या पुढं सांगितला जातो. समोरच्या कड्यावर मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या आहेत. एक दंतकथाही आहे. मनाविरुद्ध लग्न लावतात म्हणून एका मुलीनं इथं जीव दिला आणि तिचा आत्मा माणसांना खाली ओढतो, असं सांगतात.

ही कथा वाचली तेव्हा मला आपल्याकडचे डोह आठवले. कोकणात काय, घाटावर काय, नदीच्या प्रत्येक खोल डोहाची अशी एक गोष्ट असते. डोहाला दरवर्षी माणूस लागतो, असं म्हाताऱ्या सांगतात. लहान मुलांना काठापासून लांब ठेवायला ही गोष्ट उपयोगी आहे. पण माणूस बुडाला की हीच गोष्ट आडवी येते. कारण मग तो का बुडाला, कुणासोबत होता, कुणी पाहत होतं का, हे कुणी विचारत नाही. डोहानं घेतला म्हटलं की चौकशी संपली. आपाही एकदा म्हणाली, "तकदीरमध्ये असेल ते होईल, पण जाऊ नको म्हणावं." मी तिला तो उंट मोकळा सोडून तवक्कुलच्या गोष्टी करणाऱ्या बदूचा किस्सा आठवून दिला, जो आमच्या अब्बांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितला होता. आधी उंट बांधायचा असतो. डायव्हिंगमध्ये उंट कुठं बांधतात, एवढंच मला शोधायचं होतं.

शोध मागं नेत गेला, तो थेट आखातातल्या मोती काढणाऱ्यांपर्यंत. दहाव्या शतकातल्या मसूदीनं या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे. नाकाला कासवाच्या कवचाचा चाप लावून ते बुडी मारत. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूतानंही आपल्या सफरनाम्यात त्यांचं वर्णन केलं आहे. गोताखोर तास-दोन तास पाण्याखाली राहतो, असं तो सांगतो. हे अशक्य आहे. कसलेला गोताखोर फार तर दीड-दोन मिनिटं राहत असे. काठावर बसून लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, माझ्यासकट. पण त्याच वर्णनात एक बारकावा आहे, आणि तो अगदी खरा आहे. गोताखोराच्या कमरेला दोरी असते. श्वास संपत आला की तो दोरी हलवतो. वरचा माणूस ती हालचाल ओळखतो आणि त्याला वर ओढून घेतो.

हीच पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालली. बुडी मारणारा तो 'ग़व्वास'. होडीत दोरी धरून उभा राहणारा तो 'सैब'. पायाला दगड बांधून ग़व्वास खाली जाई, शिंपले टोपलीत भरी आणि दोरीला झटका देई. सैबचं लक्ष क्षणभर जरी ढळलं तरी खालचा माणूस गेला. होडीचा प्रमुख तो 'नाखुदा'. आपल्या मराठीतला नाखवा तिथूनच आला. 'गोता' हा शब्दही अरबी-फारसीच्याच वाटेनं आपल्याकडं पोचला. या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. बहरीन, कुवेतचे व्यापारी मोती घेऊन मुंबईला येत आणि इथून ते पॅरिस-लंडनला जात. नफा व्यापाऱ्याचा, कर्ज ग़व्वासाचं. हंगामाआधी घेतलेली उचल फिटत नसे आणि बाप मेला की ती मुलाच्या डोक्यावर बसे. १९३०च्या दशकात जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि जागतिक मंदीनं हा धंदा बुडवला. आज माझा भाचा ज्या दुबईत एसी ऑफिसात बसतो, तिथल्या जुन्या कुटुंबांचे आजे-पणजे या होड्यांवर होते.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामू, आता दोरीची गरज नाही. आम्ही हवा पाठीवर नेतो." बरोबर आहे. १९४३मध्ये कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी 'ॲक्वालंग' तयार केला आणि माणूस दोरीतून सुटला. पण पाण्याच्या दाबातून तो सुटला नाही. तो दाब समजून घ्यायलाही माणसांनी जीव दिलेत.

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना, १८७०च्या दशकात, नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणारे मजूर वर आल्यावर सांधेदुखीनं वाकडे होत, काही मरत. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः या आजारानं कायमचे अधू झाले. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईनं वर आल्यावर बुडबुड्यांच्या रूपात सुटतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८मध्ये दाखवलं. सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसंच. त्यावरचा उपाय ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शोधला. बकऱ्यांवर प्रयोग करून त्यांनी १९०८मध्ये तक्ते छापले: किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, तर वर येताना कुठं आणि किती थांबायचं. प्रयोगात मदत म्हणून लहानपणापासून बापाच्या हाताखाली राबलेला त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढं दुसऱ्या महायुद्धात दाबाच्या कोठडीत स्वतःवरच प्रयोग करत राहिला. हेच हॉल्डेन नंतर भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. आज भाच्याच्या मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर जो आकडा दाखवतो, त्याची सुरुवात त्या बकऱ्यांपासून झाली.

तोच हिशेब मी आणि भाच्यानं कमानीसाठी कागदावर मांडला. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. पंचावन्न मीटरवर दाब साडेसहा पट. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारनं २,४०० लिटर हवा मावते. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. उरली १,८००. जमिनीवर माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल, तर तिथं एकशे तीस घेतो. म्हणजे जेमतेम पावणेचौदा मिनिटं. घाबरला, धाप लागली, श्वास दुप्पट झाला की सात. त्यात बोगदा पार करायचा, वर यायचं आणि वाटेत थांबत थांबत यायचं. शिवाय तिथं नायट्रोजनची झिंग चढते. दारू प्यायल्यासारखं डोकं चालतं आणि आपलं डोकं चालत नाही हेच कळत नाही. कमानीच्या तोंडातून पलीकडचा उजेड दिसतो, म्हणून बोगदा आहे त्यापेक्षा आखूड वाटतो. खाली तळ नजरेत येत नाही, त्यामुळं आपण बुडत चाललोय हे लक्षात येत नाही. एका सिलिंडरवर, साध्या हवेवर तिथं जाणारा माणूस शापामुळं मरत नाही, भागाकारामुळं मरतो.

भाचा कागदाकडं बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पण लोक जातात." जातात. जे तयारीनं जातात ते दोन-तीन सिलिंडर, हेलियम मिसळलेला वायू, वेगळं प्रशिक्षण आणि सोबत माणसं घेऊन जातात. मी त्याला दोघांची हकिगत सांगितली.

पहिली युरी लिप्स्कीची. बावीस वर्षांचा तरुण, एप्रिल २०००मध्ये एका सिलिंडरवर उतरला. डोक्यावर कॅमेरा होता. तो खाली खाली जात नव्वद मीटरच्या आसपास तळाला टेकला आणि तिथून आला नाही. त्याच्या आईच्या विनंतीवरून तारिक उमर या इजिप्शियन डायव्हरनं दुसऱ्या दिवशी त्याला वर आणलं. कॅमेरा चालू स्थितीत होता. मुलाचे शेवटचे क्षण त्यात होते. तारिक यांनी त्या डोहातून अशी कितीतरी प्रेतं काढली आहेत. मेलेल्यांच्या पाट्या कड्यावर आहेत, पण त्यांना घरी पाठवणाऱ्या या माणसाचं नाव डायव्हिंगच्या जगाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

दुसरी हकिगत स्टीफन कीननची. हा आयरिश माणूस दहाबमध्येच राहायचा. सिलिंडर न घेता एका श्वासात खोल जाणाऱ्या फ्रीडायव्हरांचा तो रक्षक होता. जुलै २०१७मध्ये इटलीची ॲलेसिया झेक्किनी एका श्वासात ही कमान पार करत होती. पलीकडच्या तोंडाशी तिला भेटायचं काम कीननचं. तो काही सेकंद उशिरा पोचला. तिला बाहेरची दोरी सापडली नाही, ती भलत्या दिशेला पोहू लागली. कीननं तिला गाठलं आणि वर आणलं. ती वाचली. तो पाण्यावर बेशुद्ध सापडला आणि गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

लिप्स्की खाली गेला तेव्हा त्याची दोरी कुणाच्याच हातात नव्हती. कीनन स्वतःच दुसऱ्याची दोरी होता. इब्न बतूताच्या काळापासून कीननपर्यंत यंत्रं बदलली, वायू बदलले, तक्ते आले. पण वर कोण आहे, हा प्रश्न बदलला नाही. एकट्याच्या हिमतीच्या गोष्टी आपण चवीनं ऐकतो. दोरी धरणाऱ्याची गोष्ट सांगायची राहून जाते.

दहाबच्या बाबतीत ही विसर आणखी एका थरावर झाली आहे. हा किनारा मुज़ैना बदूंचा. खजुराची झाडं, मासेमारी, उंट यांवर जगणारी ही जमात. समोरच्या अकाबाच्या आखाताचं तोंड म्हणजे तिरानची सामुद्रधुनी. मे १९६७मध्ये नासिरनं ती इस्रायली जहाजांना बंद केली आणि जूनमध्ये युद्ध पेटलं. तोवर इथं शांतिसेना होती, तिचे शेवटचे प्रमुख आपले मेजर जनरल इंदर जीत रिखी होते. तिच्यातले भारतीय जवान त्या युद्धात गाझात मारले गेले. सिनाई इस्रायलच्या ताब्यात गेली. त्या काळात दहाबला पर्यटक आणि डायव्हर येऊ लागले. १९७९च्या तहानंतर एप्रिल १९८२मध्ये सिनाई इजिप्तला परत मिळाली आणि मग हॉटेलं वाढली. झेंडे बदलले, बदू तिथंच राहिले. ब्लू होलच्या पुढं रास अबू गलूमकडं डायव्हरांचे सिलिंडर आजही त्यांच्या उंटांवरून जातात. पण डोहाच्या इतिहासात ते फक्त शापाची कथा सांगणारे म्हणून येतात.

आता आमचा आराखडा. कमान नाही. हे भाच्यानं मानलं, पण 'या वेळी' हे दोन शब्द त्यानं सोडले नाहीत. डोहाच्या थोडं उत्तरेला 'बेल्स' नावाची कड्यातली एक चीर आहे. तिच्यातून उतरून, तीस मीटरच्या आतच भिंतीच्या कडेनं दक्षिणेला पोहत यायचं आणि सॅडलवरून डोहात शिरायचं. त्याच्या प्रमाणपत्रात हे बसतं. सोबत स्थानिक गाइड, आणि जोडीदार कोण हे आधी ठरलेलं. जवळचं रिकम्प्रेशन चेंबर कुठं आहे आणि ते सुरू आहे का, हे जाण्याआधी फोन करून विचारायचं. शेवटच्या बुडीनंतर विमानाआधी चोवीस तास मोकळे.

एक अडचण आपाच्या इच्छेमुळं निघाली. "एवढं सिनाईला जाताय, तर कोह-ए-तूर बघून या," असं ती म्हणाली होती. मूसा अलैहिस्सलाम यांच्याशी जोडलेला तो पहाड, जबल मूसा, दहाबपासून काही तासांवर आहे. पायथ्याला सेंट कॅथरीनचा मठ आहे आणि त्या मठाच्या आवारात फ़ातिमी काळातली छोटी मशीदही उभी आहे. ते बघायची माझीही इच्छा. भाच्यानं तो दिवस शेवटी, परतीच्या वाटेवर टाकला होता. पण पहाडाची उंची २,२८५ मीटर. अंगात नायट्रोजन मुरलेला असताना एवढ्या उंचीवर चढणं म्हणजे विमानात बसण्यासारखंच. वर हवेचा दाब कमी, बुडबुडे सुटण्याचा धोका. तेव्हा क्रम उलटा केला. आधी तूर, मग डोह.

आपाला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. तिला वाटलं, आम्ही पहाडाला मान म्हणून पहिला नंबर दिला. मी तिला नायट्रोजन समजावायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती की नाही, माहीत नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, "तो पाण्यात असेल तेव्हा तू कुठं असशील?"

मी बुडी मारणार नाही. माझी मजल तारकर्लीला आठ मीटरपर्यंत, तीही प्रशिक्षकानं पट्टा धरून ठेवलेला असताना. मी काठावर बसेन. भाच्यानं पाण्यात जाण्याआधी मला सांगायचं, किती वाजता वर येणार. माझ्या वहीत ती वेळ लिहिलेली असेल आणि तिच्याखाली गाइडचा आणि चेंबरचा नंबर. आपाला मी एवढंच सांगितलं. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "घड्याळ नीट चालतं का बघून घे."